झाकणाच्या वरची खोली

१९ ऑक्टोबर

ताई,

फोन न करता तू पत्र पाठवलंस, तेव्हाच ओळखलं की विषय बाबांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. बरं केलंस. आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो आणि चौथ्याला कोणीतरी फोन ठेवतं. बहुतेक तू. कागदावर निदान वाक्य पूर्ण करता येतं.

तू विचारतेस, गावातली हवा हल्ली कशी आहे, आणि थंडीचे महिने बाबांना तुमच्याकडे समुद्रावर न्यायचं का.

हवेचं सांगते, कारण ते माझं काम आहे. नगरपालिकेच्या गच्चीवर माझं यंत्र आहे. ते हवा ओढतं आणि पांढऱ्या फिल्टरमधून गाळतं. रोज सकाळी मी कालचा फिल्टर काढते, आजचा लावते, कालचा खाली प्रयोगशाळेत नेऊन सुकवते आणि तोलते. वजन वाढलं असेल तितकी धूळ. गेल्या वर्षाची बारीक कणांची सरासरी ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. फार आत नाही, पण आत आहे.

तेव्हा बाबांना हलवायची गरज नाही. दमा आटोक्यात आहे. रात्री शांत झोपतात. मी भिंतीपलीकडेच असते, मला कळतं.

तू पाठवलेलं हवा शुद्ध करायचं यंत्र पोचलं. बाबांनी ते उशाशी ठेवलंय. दूधवाल्यापासून सगळ्यांना दाखवून झालं. "थोरलीने पाठवलंय, थोरलीने." वाफ घ्यायचं यंत्र मी रोज सकाळी धुते, उकळत्या पाण्यातून काढते, पुन्हा जोडते. त्याला ते "ते भांडं" म्हणतात. ही तक्रार नाही, माहिती आहे.

रविवारी तुझा फोन यायच्या आधी ते इस्त्रीचा शर्ट घालतात, हे तुला माहीत नसेल. मी एकदा म्हटलं, बाबा, फोनमध्ये शर्ट दिसत नाही. म्हणाले, "मला दिसतो ना."

भाऊजींना नमस्कार.

धाकटी


७ नोव्हेंबर

ताई,

भाऊजींनी नगरपालिकेच्या पानावरचा रोजचा आलेख उघडून पाहिला आणि तुला दाखवला, हे वाचलं. पाव भाजणाऱ्या माणसाला आलेख वाचता येतात हे मला ठाऊक नव्हतं. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

तू लिहितेस, मी तुला फसवलं. मी तुला सरासरी कळवली आणि ती बरोबर आहे. तिच्यात पावसाळ्याचे महिने आहेत. तेव्हा हवा धुतलेली असते, माझे फिल्टर लावले तसे पांढरे परत येतात. तिच्यात थंडीही आहे, तेव्हा ते काळे येतात. दोन्हींची बेरीज करून भागलं की मधला आकडा येतो. त्या आकड्याची हवा प्रत्यक्षात कोणत्याही दिवशी नसते, हे मान्य. पण तू "हवा कशी आहे" असं विचारलंस. "जानेवारीत कशी असते" असं विचारायला हवं होतंस.

आता न विचारता सांगते. तू या गावात वाढलीस, पण गावाकडे वरून कधी पाहिलं नाहीस. हे गाव म्हणजे कढई आहे. तीन बाजूंना डोंगर, चौथीला नदी बाहेर पडते ती खिंड. थंडीत सूर्य मावळला की डोंगराच्या अंगावरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली येऊन तळाशी साचते. तिच्या डोक्यावर उबदार हवेचा थर बसतो. ऑफिसात आम्ही त्याला झाकण म्हणतो. मग चुन्याच्या भट्ट्या, चुली, एसटी डेपोतल्या गाड्या, सगळ्यांचा धूर त्या झाकणाला जाऊन लागतो आणि परत आपल्याच नाकात येतो. सकाळी उशिरा कधीतरी उन्हाने झाकण फुटतं, संध्याकाळी पुन्हा बसतं. मार्चमध्ये खिंडीतून वारा सुरू झाला की ते बसायचंच थांबतं. मेमध्ये नदीचं पात्र सुकतं आणि माती उडते, पण ती जाड असते, नाकात अडकते. छातीत उतरतो तो थंडीतला धूर.

म्हणजे तुझं म्हणणं खरं आहे. पण औषध समुद्र नाही.

झाकणाला उंची असते. गेल्या आठवड्यात मी हातातलं मीटर घेऊन डेपोपासून डोंगराच्या पायऱ्यांनी वर चढत गेले. पाण्याच्या टाकीपर्यंत आकडा जागचा हलला नाही. टाकीच्या वळणानंतर तो असा उतरला की मला वाटलं मीटर बिघडलं. मागे वळून पाहिलं तर खाली गाव नव्हतंच. राखाडी लादी टाकावी तसा सपाट पृष्ठभाग होता, आणि मी उन्हात उभी होते.

टाकीच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळतायत. आपलं घर बंद करून थंडीपुरतं तिथे राहू. बाबांना थोडी उंची पाहिजे आहे. ती मी देऊ शकते.

तू भाऊजींबरोबर निघून गेलीस तेव्हा बाबा दीड वर्ष तुझं नाव घेत नव्हते. त्या काळात तुझं नाव घरात घ्यायचं काम मी केलं. इतकं नीट केलं की आता दुसरं नाव निघतच नाही.

धाकटी


२८ नोव्हेंबर

ताई,

आम्ही वर राहायला आलो. तू विचारलं नाहीस, तरी कळवते.

बाबांनी पहिल्या दिवशी खिडकीत खुर्ची ओढली, बसले, आणि खाली डोकावले.

"इथे काय आहे?" म्हणाले.

"हवा आहे, बाबा."

"खाली पण होती की. इतकी वर्षं तीच घेत होतो, कोणी भाडं मागितलं नाही."

"ती वाईट होती."

"आणि माणसं कुठे गेली सगळी?"

मी खाली बोट दाखवलं. सकाळची वेळ होती, लादी पसरलेली होती. म्हटलं, तिच्या खाली आहेत.

"म्हणजे मी आता वर गेलो असं म्हण की," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकले. दोनदा. मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाले, "हं, टिपून घ्या, मीटरबाई." हे माझं नवीन नाव. डेपोतल्या त्यांच्या जुन्या ड्रायव्हर मित्रांनी पाडलंय, त्यांना फार आवडलंय. तुझं काय नाव पाडलंय ते मला माहीत नाही. बहुधा पाडलंच नसेल. जिच्या नावाची चेष्टा करायची नसते ती तू.

सामान हलवताना एक गोष्ट लक्षात आली. तुझं यंत्र. बाबांनी त्याला कव्हर शिवून घेतलंय, जुन्या गाडीच्या सीटच्या निळ्या रेक्झिनचं, चारही बाजूंनी बंद, वर बटणं. धूळ जाऊ नये म्हणून. आल्यापासून ते एकदाही चालू झालेलं नाही. वायरीची गुंडाळी अजून कारखान्याची आहे. मी इतके दिवस त्या खोलीत रोज जाते आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारण त्या यंत्राकडे मी बघत नाही.

कव्हर मी काढलं नाही. वरच्या खोलीत यंत्राची गरजही नाही.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "यंत्र चालतंय ना?" आणि बाबा म्हणाले, "एकदम झकास." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्यांचा आवाज तुझ्याशी बोलताना वेगळा लागतो. माझ्याशी बोलताना ते ड्रायव्हर असतात, तुझ्याशी बोलताना गाणारे असल्यासारखे.

धाकटी


१६ डिसेंबर

ताई,

आकडे मागितलेस म्हणून देते. या महिन्यात डेपोजवळची हवा मर्यादेच्या चौपट वाईट आहे. आमच्या खिडकीतली मर्यादेच्या निम्मी. हे सरासरीचं नाही, रोजचं. भाऊजींना दाखव.

बाबा रोज सकाळी फिरायला जातात. टाकीच्या पलीकडे सपाट रस्ता आहे, ऊन लवकर येतं. मी ऑफिसला निघायच्या आधीच बाहेर पडतात, दुपारी जेवायला घरी असतात. कॉलर गरम, नाक लाल, भूक चांगली. मी काही बोलत नाही, पण बरं वाटतं.

मला इतकंच सांगायचं आहे की मी हे केलं. समुद्र नसताना. कोणाकडे पाठवल्याशिवाय.

आमच्या साहेबांनी मला डेपोचा अभ्यास दिलाय. थंडीच्या दिवसांत पहिल्या पाळीचे ड्रायव्हर गाड्या सुटायच्या कितीतरी आधी इंजिनं चालू करून ठेवतात. "तापवतात" म्हणतात. सगळ्या गाड्या एका ओळीत, कढईच्या अगदी तळाशी, झाकण बंद असताना. मी डेपो मॅनेजरना विचारलं, कशासाठी? हल्लीच्या गाड्यांना लागत नाही. ते म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या वडिलांनीच शिकवलंय पोरांना. गार गाडी काढायची नाही. तुम्ही घरीच विचारा की."

पुढच्या आठवड्यात सकाळी मीटर घेऊन तिथे उभी राहणार आहे.

धाकटी


२३ डिसेंबर

ताई,

म्हणजे रोज.

मी समजत होते रविवारी. इस्त्रीचा शर्ट, ठरलेली वेळ, आणि मी स्वयंपाकघरात. तो रविवारचा फोन माझ्यासाठी होता तर. खरा फोन रोज सकाळी डेपोच्या कँटीनमधून.

काय झालं ते तुला निम्मं माहीत आहे, कारण निम्मं तू फोनच्या त्या टोकाला होतीस. उरलेलं ऐक. मी मीटर घेऊन गाड्यांच्या ओळीच्या टोकाला उभी होते. अकराच्या अकरा गाड्या धडधडत होत्या. धूर इतका की पहिल्या गाडीवरून तिसऱ्या गाडीची पाटी वाचता येत नव्हती. आकडा चढत होता आणि मी समाधानाने तो बघत होते. अभ्यासाला चांगला आकडा मिळाला की बरं वाटतं. कँटीनची खिडकी उघडी होती, आणि आतून तो आवाज आला. गाणाऱ्यासारखा.

"नाही गं, काल दोनदा उठलो. दोनदाच. बसून राहिलो पलंगावर. हो, उशी तोंडावर धरतो ना, तिला आवाज जात नाही. नको, तिला नको सांगूस."

कँटीनवाल्या मावशींनी मला खिडकीत पाहिलं. "अगं आत ये की, गारठशील! बाबांचा फोन चाललाय. रोजचाच आहे तो, आटपेल आता." कंडक्टरकाका पत्ते पिसत होते, त्यांचे हात थांबले. ते बाबांच्या गाडीवर इतकी वर्षं होते, त्यांना घंटी कधी मारायची ते कळतं. "ओ," ते बाबांना म्हणाले, "स्टॉप आला."

बाबांनी वर पाहिलं. फोनमध्ये म्हणाले, "मीटर आलं बघ."

मी फोनसाठी हात पुढे केला होता. तू ठेवून दिलास.

घरी जाताना बसमध्ये मी विचारलं, कधीपासून चाललंय हे. पाऊस थांबल्यापासून, म्हणाले. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते खिडकीबाहेर बघत होते. आमची बस तेव्हाच टाकीच्या वळणावर लादीतून बाहेर येत होती.

"तुला सांगितलं की तू मोजतेस," म्हणाले. "तिला सांगितलं की ती 'अरे देवा' म्हणते."

"अरे देवा म्हणून काय होतं?"

"काही होत नाही. तेच बरं वाटतं."

मी ऑक्टोबरपासूनची तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. "हवा हल्ली कशी आहे" असं तू विचारलंस तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. ते रात्री उठून बसतात हे तुला माहीत होतं, उशीचं माहीत होतं. मी खोटं बोलते का एवढंच तू बघत होतीस. मी बोलले. तुझं समाधान झालं असेल.

मी भिंतीपलीकडे झोपते, ताई.


९ जानेवारी

ताई,

फोनवर सांगितलं ते घाईत होतं. आता नीट लिहिते, कारण तू येणार आहेस आणि आल्यावर विचारशील.

त्या दिवसानंतर मी बाबांना सकाळी खाली जायला बंदी केली नाही. ते तुला खरं वाटणार नाही. मी फक्त म्हटलं, ऊन वर आल्यावर जा, झाकण फुटल्यावर. त्यांनी मान डोलावली. पण ऊन वर येईपर्यंत पहिल्या पाळीच्या गाड्या सुटून गेलेल्या असतात आणि त्यांना तीच माणसं पाहिजेत. आणि त्या वेळी तूही बेकरीत एकटी असतेस, पहिली भट्टी लावून झाल्यावर. हे मला आता कळलं. तुमची दोघांची वेळ जुळते. झाकणाच्या खाली जुळते.

चार दिवस वारा अजिबात नव्हता. मी ऑफिसात काळे फिल्टर तोलत होते तेव्हा मॅनेजरचा फोन आला. बाबा कँटीनच्या पायरीवर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. मी पोचले तोवर मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि कंडक्टरकाका गाड्यांच्या ओळीतून पळत होते. या वयात. प्रत्येक गाडीच्या दारात चढून ओरडत होते, "बंद कर! बंद कर म्हणतो! तुमचा मास्तर मरतोय तिकडे!" एकेक इंजिन थांबत गेलं. तो डेपो इतका शांत मी कधी ऐकला नव्हता.

त्यातली एक गाडी काढली, प्रवाशांसकट, आणि त्यांना दवाखान्यात नेलं. कोणी तक्रार केली नाही. एका बाईंनी आपली सीट त्यांना आडवं व्हायला दिली. दवाखान्यात तोंडावर मास्क चढल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं काहीतरी सांगायचं असेल. मास्क बाजूला करून म्हणाले, "बघितलंस? तापवलेली होती म्हणून एका झटक्यात निघाली."

मग डॉक्टर आले. कागद हातात होता. रात्री किती वेळा उठतात? कधीपासून? बसल्यावर किती वेळात श्वास जागेवर येतो? पहाटे जास्त की मध्यरात्री?

ताई, मी या गावाच्या प्रत्येक गल्लीतल्या हवेचं वजन सांगू शकते. यातलं एकही मला सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सोबत राहता ना?" मी हो म्हटलं. मग बाहेर जाऊन तुला फोन केला. तू एका दमात सगळं सांगितलंस. कोणत्या आठवड्यात वाढलं, कोणत्या दिवशी पंप दोनदा घेतला, कोणत्या कुशीवर बरं वाटतं. मी तुझे शब्द जसेच्या तसे आत जाऊन डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "छान, तुमचं बारीक लक्ष आहे." मी नाही म्हटलं नाही.

आता ते बरे आहेत. डॉक्टर म्हणतात, थंडी संपेपर्यंत त्यांना कढईच्या बाहेर ठेवा, वर-खाली करणाऱ्या माणसाला वरच्या खोलीचा उपयोग नाही. त्यांनी "कढई" शब्द वापरला नाही, तो माझा.

ये आणि घेऊन जा. मला हे लिहायला किती कागद लागले ते विचारू नकोस.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

ते पोचले, जेवले, झोपले, हे तू कळवलंस. बरं.

तू इथे दोन दिवस होतीस, तेवढ्यात जे बोलायचं ते बोलणं झालं नाही. तू दारातच मला मिठी मारलीस, माझ्या हातात उकळतं पाणी होतं, आणि तुला वाटलं मी अंग चोरलं. पाणी होतं म्हणून. निम्मं तरी.

मग तू आत गेलीस आणि यंत्राचं कव्हर काढलंस. तुझा चेहरा मी दारातून पाहिला. "अगं, हे बंदच आहे!" मी म्हटलं, हो. बाबा पलंगावरून म्हणाले, "जपून ठेवलंय. खराब झालं असतं." तू हसायला लागलीस, मग भाऊजी, मग बाबा खोकत खोकत. मीही हसले असते, पण मला तेव्हा दिसलं की तुला राग आलाच नाही. मी त्यांच्यासाठी दोन खोल्या घेतल्या आणि ते खाली पळाले, तर मी आठ दिवस बोलत नव्हते. तू पाठवलेलं त्यांनी वापरलंसुद्धा नाही आणि तू त्यांच्या गालाला हात लावलास. हे तुला कसं जमतं ते मला शिकायचं नाही. फक्त कळवते की मी पाहिलं.

बस सुटताना ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. मागे वळून पाहिलं नाही. तुला वाटलं असेल, माझ्यावर रुसले. तसं नाही. त्यांना मागचं आरशात बघायची सवय आहे, आणि त्या सीटवरून आरशात फक्त ड्रायव्हर दिसतो. मी नंतर एका रिकाम्या गाडीत बसून खात्री केली.

डेपोत आता गाड्या सुटायच्या जेमतेम आधी चालू करतात. माझा अहवाल साहेबांच्या टेबलावर होता तसाच आहे. हे कंडक्टरकाकांनी केलं, पोरांना एकेक करून दम देऊन. तळाचा आकडा थोडा उतरलाय. वजनात फरक दिसतो.

मी अजून वरच्या खोलीतच आहे. भाडं मार्चपर्यंत ठरलंय. हवा उत्तम आहे. दुसऱ्या खोलीत मी काही ठेवलेलं नाही.

धाकटी


१८ मार्च

ताई,

खिंडीतून वारा सुरू झाला. परवाचा फिल्टर फिकट आला, कालचा त्याहून. झाकण या वर्षापुरतं संपलं. मी सामान खाली आपल्या घरी आणलं.

आणि तुला एक सांगायचं आहे, जे सांगू नकोस असं मला सांगितलेलं आहे.

बाबा मला फोन करतात. ऑफिसात, तू दुपारी झोपतेस तेव्हा, बेकरीच्या मागच्या दारात उभं राहून. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी झालं. "काही नाही गं," म्हणाले, "इथे कोणी विचारत नाही म्हणून म्हटलं तुलाच सांगावं." मग स्वतःहून सांगितलं: पहाटे छाती भरते, दिवसा मोकळी. मी विचारलं, पहाटे वारा कुठून येतो? "जमिनीवरून समुद्राकडे." आणि तुमची भट्टी कोणत्या बाजूला आहे? मग म्हणाले, "अरेच्चा." तर, पहाटे वारा उलटा असतो तेव्हा तुमच्या भट्टीचा धूर त्यांच्या खिडकीवरून जातो. त्यांना पुढच्या खोलीत झोपव. यात तुमची चूक नाही, किनाऱ्याला असंच होतं. पण मला हे लिहिताना किती बरं वाटलं ते मी लपवत नाही.

मी प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. हौसेने. खोकला कोरडा, दोनदा उठले, परवा एकदाच. मी लिहून घेते आहे हे त्यांना ऐकू येत होतं. "लिहिलंस?" असं मध्येच विचारत होते. मी म्हटलं, बाबा, ताईला का नाही सांगत? म्हणाले, "ती रडते. मग मला तिची काळजी."

तेव्हा मला कळलं, आणि तुलाही कळावं म्हणून लिहिते. तुझ्यामाझ्यात डावंउजवं काही नाहीये. ज्या घरात ते झोपतात तिथल्या माणसाला ते सांगत नाहीत. एवढंच आहे. इतके महिने मी जिचा हेवा करत होते ती तू नव्हतीस, ते अंतर होतं. हेवा त्याने कमी झाला असं मात्र नाही.

कारण आता माझ्याकडे ते आहे जे तुझ्याकडे होतं, रोज दुपारी. आणि बाबा इथे आले की ते जाईल. पुन्हा उशी तोंडावर, पुन्हा "एकदम झकास", आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून तुला फोन. मी दोन दिवस विचार केला. तिकडेच राहू देत, असंही एकदा लिहून झालं होतं.

पाठव त्यांना. या महिन्याच्या शेवटी, सकाळच्या गाडीने, म्हणजे उजेडात पोचतील. पुढच्या थंडीला, झाकण बसायच्या आधी, मी स्वतः घेऊन येईन आणि तुझ्या दारात सोडीन, कोणी आजारी पडायची वाट न बघता.

ते इथे असताना तुला फोन करतील, तो घे. त्यांना मी काही म्हणणार नाही. आणि दर सोमवारी मला कळव, रात्री किती वेळा उठले, कोणत्या कुशीवर झोपले, छाती कशी होती. मी भिंतीपलीकडे असेन आणि मला ते तुझ्या पत्रातून कळेल. मला ते आवडणार नाही. तरी लिही. नीट लिही, थोडक्यात नको.

तुझी धाकटी